जीपला नवरदेव करू नका



बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. आज आलो आहे तो भांडायला. ज्यांना गोड वाचायचे असेल त्यांनी आज सुट्टी घ्यावी, पुढच्या वेळी लोणच्यावर लिहीन.

मुद्दा असा. आमच्या छत्रपती संभाजीनगरात (आणि पुण्या-नाशकातही, नातेवाईक सांगतात) जुन्या लष्करी जीप ‘रिस्टोअर’ करण्याची टूम निघाली आहे. लष्कराच्या लिलावातून गेलेली आणि पुढे कुठे शेतात, शेडमध्ये पडून राहिलेली जीप शोधायची, गॅरेजात सोडायची, आणि तीन महिन्यांनी बाहेर काढायची ती उंच टायर, क्रोमचा बंपर, बॉनेटवर पांढरा तारा, मागे कपाटाएवढे स्पीकर आणि पोटात भलत्याच गाडीचे इंजिन बसवून. मग ती वरातीत फिरते, पुढाऱ्याच्या मिरवणुकीत फिरते, तिचे फोटो निघतात आणि खाली लिहिले जाते, ‘पूर्ण रिस्टोअर केलेली’. याला मराठीत साधा शब्द आहे: नटवलेली. नटवणे वेगळे आणि जतन करणे वेगळे. माझे म्हणणे त्याहून थोडे कडक आहे. जी गाडी पन्नास-साठ वर्षे ऊन, पाऊस, लढाई आणि शेती यांतून वाचली, तिला शेवटी हौसच मारते.

आता हे मी का लिहितो आहे तेही सांगतो. माझ्याकडे अशी एक जीप आहे. महिंद्राची सीजे-थ्री-बी, म्हणजे आपल्याकडे जिला ‘हाय बॉनेट’ म्हणतात ती, १९६०च्या दशकातली. लष्करातून लिलावात निघाली, खुलताबाद तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने घेतली, त्याने बरीच वर्षे राबवली आणि मग ती लिंबाखाली उभी राहिली. निवृत्त झाल्यावर मी ती घेतली. गेली सहा वर्षे सिडकोतल्या आमच्या अंगणात एक म्हातारे मिस्त्री आणि मी तिच्यावर काम करतो. (सौ.च्या तुळशीवृंदावनाची जागा त्यापायी दोनदा बदलली. याची किंमत मी रोज मोजतो.)

येत्या वैशाखात माझ्या पुतण्याच्या मुलाचे लग्न आहे. जीप वरातीला हवी आहे, आणि ‘जरा चांगली करून’ हवी आहे. खर्च पुतण्या करणार. त्याने यादीही पाठवली: रुंद टायर, अलॉय व्हील, टर्बो डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग, काळा मॅट रंग, तारा. मी नाही म्हटले. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर माझ्या हट्टीपणाची चर्चा चालू आहे. तोंडी वाद घातला की आवाज चढतो, म्हणून लेखी उत्तर देतो. शाळेतही मी हेच करायचो.

*

आधी थोडा इतिहास. (छत्तीस वर्षे शिकवला, सवय जात नाही.)

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी तातडीने हवी होती. पेनसिल्वेनियातल्या बँटम नावाच्या छोट्या कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये पहिला नमुना तयार करून दिला. त्या कंपनीची ताकद तोकडी, म्हणून पुढे मोठे काम विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेले. १९४५ पर्यंत या दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बनवल्या. आपल्याकडे १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी कंपनी काढली, नाव महिंद्र अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडण्यापासून सुरुवात झाली आणि पुढे जीप इथेच बनू लागली.

माझ्या जीपचे बॉनेट उंच का, हे मला प्रत्येक पाहुणा विचारतो. युद्धकाळातल्या विलीजच्या ‘गो-डेव्हिल’ इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये होते. ताकद साठ अश्वशक्ती. पुढे ताकद वाढवण्यासाठी आत हवा घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. त्या इंजिनाचे नाव ‘हरिकेन’. हेड उंच झाले, इंजिन उंच झाले, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट उंच केले. इतके साधे. म्हणजे हे उंच कपाळ दिसायला बरे म्हणून दिलेले नाही, त्यामागे एका इंजिनिअरची अडचण आणि तिच्यावरचा तोडगा आहे. आता काही गॅरेजवाले हे बॉनेट कापून खाली आणतात आणि पुढच्या जाळीच्या सात फटींच्या जागी नऊ फटींची जाळी बसवतात. कारण युद्धातल्या जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी होत्या! आणि मग उंच इंजिन बसत नाही म्हणून तेही जाते भंगारात. एका खोट्यासाठी दुसरे खोटे, दुसऱ्यासाठी तिसरे. वर्गात हे पोरे करायची.

*

सगळ्यात जास्त राग मला येतो तो त्या पांढऱ्या ताऱ्याचा.

तो तारा महायुद्धातल्या अमेरिकी (आणि पुढे दोस्तांच्या) गाड्यांची खूण आहे. माझी जीप महायुद्धानंतर पंधरा-वीस वर्षांनी आपल्या देशात बनली, आपल्या सैन्यात राबली. तिच्या बॉनेटवर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचा तारा कशासाठी? आपल्या घरच्या म्हाताऱ्याची पदके काढून ठेवायची आणि त्याला सिनेमातल्या सायबाची टोपी घालायची, त्यातला हा प्रकार. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. फरक इतकाच की इथे हातात खरे सोने होते आणि आपण ते काढून कथील चढवले.

आपल्या जीपला स्वतःचा इतिहास नाही काय? १० सप्टेंबर १९६५ रोजी पंजाबात खेमकरण भागात असल उत्तरच्या लढाईत ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद शहीद झाले. जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने त्यांनी पॅटन रणगाडे फोडले होते. जीपला चिलखत नाही, छप्पर नाही, समोर चाळीस-पन्नास टनांचा रणगाडा. एक गोळा डागला की जागा बदलायची, कारण तोफेच्या मागून निघणारा धुरळा शत्रूला जागा दाखवतो. त्या चपळाईसाठीच जीप होती. हमीद यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. टपाल खात्याने २००० साली त्यांचे तिकीट काढले त्यावरही ती तोफ लावलेली जीप आहे. ही आपली जीप. आणि आपण तिच्यावर अमेरिकेचा तारा काढतो, ‘लूक’ येतो म्हणून.

युद्धाचे सोडा. मराठवाड्याला जीप म्हणजे काय होते ते आमच्या पिढीला विचारा. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात भारतीय फौजा शिरल्या तेव्हा आमच्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा जीप पाहिली. ‘टप नसलेली मोटार’ असे ते सांगायचे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांना धुळीचा लोट दिसला की कळायचे, साहेब आले, आज हजेरी होणार. देवीच्या लसीचे पथक जीपमधून यायचे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मदतीला आलेल्या लष्कराच्या हिरव्या गाड्या पाहून माणसांना धीर आला होता. चांगले-वाईट दोन्ही सरकार आमच्या गावात जीपमधूनच आले. तिचा तो साधा, रखरखीत चेहरा पुसून टाकला तर उरते काय? चार चाकांवरचा डीजे.

*

‘पण काका, गंजकी तशीच ठेवायची का?’ हा पुतण्याचा प्रश्न. रास्त आहे. उत्तर देतो.

गंज ठेवू नये. गंज हा लोखंडाचा क्षयरोग आहे. लोखंडापेक्षा गंजाला जास्त जागा लागते, म्हणून तो दोन पत्र्यांच्या जोडात शिरला की जोड आतून फुगवून फाडतो. तो काढलाच पाहिजे. पण कसा? सँडब्लास्टिंगचा जोरदार फवारा मारला की गंजाबरोबर पत्रा पातळ होतो, वर ठोकलेले आकडे-अक्षरे पुसट होतात आणि खालचे सगळे रंग एका दुपारीत नाहीसे होतात. आम्ही तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि धीर वापरला. डाव्या दाराच्या जागेजवळ हळूहळू घासत गेलो तर वर शेतकऱ्याचा निळा ऑइलपेंट, त्याखाली मातकट हिरवा, त्याखाली गडद हिरवा, असे थर निघाले. झाडाच्या बुंध्यातली वर्तुळे मोजावीत तसे. तळहाताएवढी ती जागा मी तशीच ठेवली आहे, बाकी गाडीला रंग दिला तरी. पुढच्या बंपरवर पिवळ्या गोलाची कड सापडली. त्या गोलात काळा आकडा असतो. पूल किती वजन पेलेल आणि गाडी कुठल्या वर्गातली, हे पुलावरच्या शिपायाला एका नजरेत कळावे म्हणून. मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर पांढऱ्या रंगाचे पोपडे सापडले. रात्री ताफ्यात दिवे न लावता चालताना मागच्या ड्रायव्हरला दिसावा म्हणून तो गोळा पांढरा रंगवतात आणि वर एक बारीकसा दिवा असतो. मागचा ड्रायव्हर तेवढ्या एका पांढऱ्या ठिपक्याचा माग धरून डोंगराच्या कडेने गाडी हाकतो. हौशी गॅरेजमध्ये हा गोळा पहिल्या दिवशी काळा होतो, कारण ‘पांढरा मळतो’.

तर नियम काय? मी मिस्त्रींबरोबर बसून तीन ठरवले आहेत.

पहिला: जे झिजण्यासाठीच बनले आहे ते बेलाशक बदला. ब्रेकचे लायनर, रबरी पाइप, वायरिंग, टायर, गॅस्केट, पॉइंट, प्लग. माणसाचा जीव इतिहासापेक्षा मोठा आहे. या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडर एकच, म्हणजे एक पाइप फुटला तर चारही ब्रेक गेले. तिथे जुन्या रबराचे कौतुक करणारा मूर्ख. पेट्रोलचेही तसेच. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले आणि आता त्यात वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढते, जुने रबर खाते. म्हणून पंपाचा पडदा आणि नळ्या आम्ही नव्या रबराच्या घातल्या. बाहेरून कळत नाही आणि गाडी पेटत नाही.

दुसरा: जे करू ते परत उलटवता आले पाहिजे. नटबोल्टने लावा, वेल्डिंग करू नका. काढलेला भाग फेकू नका. आमच्याकडे तेलाच्या डब्यांत चिठ्ठ्या लावून सगळे ठेवले आहे. (सौ.चा यावर वेगळा लेख होऊ शकेल.)

तिसरा: कोणत्याही काळाचा अपमान करू नका. जीपच्या मागे त्या शेतकऱ्याने ट्रॉली ओढायला एक ओबडधोबड हूक गावातल्या लोहाराकडून जोडून घेतला होता. ‘तो काढा, ओरिजिनल नाही,’ असे एक तज्ज्ञ गृहस्थ म्हणाले. मी नाही काढला. लष्करात ती जेवढी राबली, जवळजवळ तेवढीच शेतात राबली. तो हूकही तिच्या चरित्राचे एक पान आहे. अनेक शेतकऱ्यांनी पेट्रोल परवडेना म्हणून जीपमध्ये डिझेल इंजिन बसवले. त्यांना मी दोष देत नाही, तो पोटाचा प्रश्न होता. पोटासाठी केलेला बदल आणि फोटोसाठी केलेला बदल एकाच तागडीत तोलू नका.

हे नियम माझ्या डोक्यातून निघाले असे नाही. जुन्या वास्तूंसाठी १९६४ ची व्हेनिस सनद आहे. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली ट्युरिन सनद मंजूर केली. तिचा गाभा हाच: आधी सांभाळा, अगदीच गरज पडली तर दुरुस्त करा, आणि केले ते लिहून ठेवा.

आणि सनदा तरी कशाला, आपल्या दारात अजिंठा आहे. निजामाच्या सरकारने १९२०-२२ च्या सुमारास इटलीहून लॉरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या जाणकारांना बोलावले. हेतू उत्तम. सुटलेला गिलावा त्यांनी पक्का केला, ते उपकारच. पण चित्रे उठून दिसावीत, टिकावीत म्हणून लाखेचे वार्निश चढवले गेले. काही वर्षांत तेच वार्निश पिवळे पडले, तडकले, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या पिढ्या ते उतरवण्यात खर्ची पडल्या. जगातले नामांकित हात, चांगली नियत, सरकारी पैसा, तरीही हे झाले. मग तीन महिन्यांत जीप ‘नवी कोरी’ करून देणाऱ्याच्या हाती आपण डोळे मिटून ती कशी देतो? दौलताबादच्या किल्ल्यावरच्या मेंढा तोफेला उद्या कोणी सोनेरी ऑइलपेंट मारला तर आपण रस्त्यावर उतरू. जीपही तोफखान्याच्याच घरातली आहे, फक्त वयाने लहान.

*

दुसरा आक्षेप: ‘गाडी तुमची, मर्जी तुमची. कायदा काय म्हणतो?’

कायदा माझ्या बाजूने आहे, हे ऐकून पुतण्याला वाईट वाटेल. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कंपनीच्या मूळ नोंदीत बसत नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पुतण्याच्या यादीत सहा बाबी आहेत. हिशेब त्याने करावा, तो बँकेत आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, पण अट अशी की ती मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नको. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंद दहा वर्षे चालते. म्हणजे ज्या दिवशी ते टर्बो डिझेल आत गेले, त्या दिवशी माझ्या जीपचे व्हिंटेजपण बाहेर गेले. पुढे कोणी कितीही पैसे ओतले तरी ते परत येणार नाही.

इथे सरकारशीही माझे भांडण आहे. पहिल्या नोंदणीची फी वीस हजार रुपये! ज्याच्याकडे पॅकार्ड, रोल्स आहेत त्याला वीस हजार म्हणजे पेट्रोलचा खर्च. पण शेतकऱ्याच्या शेडमधली जीप, शिक्षकाच्या अंगणातली जीप, एखाद्या जुन्या वकिलाची राजदूत? हे लोक फी ऐकूनच भंगारवाल्याला हाक मारतात. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या कामाला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. ते मान्य. पण मग फी तरी माणसाला झेपेल अशी ठेवा. जो रोज रस्ता वापरणार नाही त्याच्याकडून इतके घ्यायचे आणि बेकायदा उंच टायरवाला चौकातून गाणी वाजवत जातो त्याला कोणी अडवायचे नाही, हा कुठला न्याय? मला तर एका कार्यालयात एका सज्जनांनी सल्ला दिला, ‘गुरुजी, कशाला नादी लागता, स्क्रॅपमध्ये द्या, सर्टिफिकेट मिळतं.’ मी चहा न घेता उठलो.

स्क्रॅपवरून आठवले. पंधरा वर्षांवरची सरकारी वाहने १ एप्रिल २०२३ पासून मोडीत काढायची असा नियम झाला. प्रदूषणाचा विचार केला तर बरोबरच आहे, माझा विरोध नाही. पण त्या गर्दीत तहसिलातली, आरोग्य खात्याची, पाटबंधाऱ्याची शेवटची जीपही जाते. जिल्ह्यात एक, फक्त एक, जशी आहे तशी कुठल्या तरी छपराखाली ठेवायला काय हरकत आहे? रणगाडे पाहायला आम्ही मुलांच्या सहली अहिल्यानगरला नेत असू. तिथे १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे, रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे, पकडून आणलेला पॅटन आहे. ते ठेवले म्हणून आहेत. आपोआप काही उरत नाही.

*

तिसरा आक्षेप पैशाचा आणि वयाचा. ‘या वयात माणसं काशीला जातात.’ जाऊन आलो. पुढे?

उलट मला वाटते हे काम याच वयाचे आहे. घाई असलेल्या माणसाने जुन्या गाडीला हात लावू नये. जाम झालेला बोल्ट जोर लावून तुटतो. तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी हलकेच टॉमी लावा, पुन्हा तेल, पुन्हा रात्र. चौथ्या दिवशी तो स्वतःहून फिरतो. हे मला आमच्या मिस्त्रींनी शिकवले. ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. जिन्सीतल्या आपल्या वस्तादाकडे दहाव्या वर्षी पाने पुसायला लागले. शाळा जेमतेम दुसरी. पण इंजिनाला पोलादी सळई लावून तिचे दुसरे टोक कानाला लावतात आणि सांगतात कुठल्या टॅपेटचा आवाज आहे. या गाडीचा पहिला गिअर चालत्या गाडीत सहज पडत नाही, तो दांडगाईने टाकला तर दात जातात. ते कार्टे गिअरचा दांडा हातात धरून बसले की मला वर्गात पहिल्यांदा मोडी वाचणारे आमचे जुने गुरुजी आठवतात. पुतण्याची यादी मी त्यांना वाचून दाखवली. ते शांतपणे म्हणाले, ‘सर, इसकू जिंदा रखना है के सजाना है, पहले वो बोलो.’ माझा सगळा लेख या एका वाक्यात मावतो.

आणि खरी काळजी इथे आहे. सुटे भाग अजून मिळतील, कोणी तरी बनवेलही. हे कान मिळणार नाहीत. जीपमधले मूळ इंजिन काढून आयते बसवले की त्या इंजिनाबरोबर ते जाणणारा माणूसही निकामी होतो. आमच्या मिस्त्रींकडे आज शिकाऊ पोरगा नाही. त्यांचा नातू मोबाइल दुरुस्त करतो. नटवण्याच्या गॅरेजात गर्दी आहे आणि दुरुस्त करणाऱ्याकडे माशी नाही. गाड्या नटवणाऱ्यांनी आपला पैसा यांच्याकडे वळवला असता तर आज या शहरात दहा चांगले मिस्त्री तयार झाले असते.

टायरचेही सांगून टाकतो, कारण यादीत तो पहिला आहे. या जीपचा टायर सहा इंची रुंदीचा, सोळा इंची रिमचा. सडपातळ. चिखलात तो वर तरंगत नाही, खाली जाऊन टणक जमीन धरतो. मोठा टायर लावला की सगळ्या गिअरचे गणित बिघडते, स्टिअरिंग जड होते, जुन्या आसावर ताण येतो, ब्रेक उशिरा लागतो आणि काटा वेग कमी दाखवतो. म्हणजे गाडी जास्त जोरात जाते, कमी थांबते आणि ते ड्रायव्हरला कळत नाही. अशा गाडीत मी माझ्या घरच्या नवरदेवाला बसू देणार नाही. हा इतिहासाचा नव्हे, साध्या शहाणपणाचा प्रश्न आहे.

*

आता निकाल. (शिक्षक आहे, निकाल लावल्याशिवाय उठत नाही.)

वरातीला जीप येईल. आहे त्या रूपात, आहे त्या टायरवर. काच पुढे बॉनेटवर पाडून ठेवू, म्हणजे नवरदेवाचा चेहरा सगळ्यांना दिसेल. हार घालू, आंब्याची डहाळी बांधू. ते संध्याकाळी निघते, त्याला हरकत नाही. स्पीकर बसणार नाहीत. वाजंत्री पायी पुढे चालतील, तसेही आमच्या जीपला पहिल्या गिअरमध्ये पायी चालणाऱ्याबरोबर चालायला आवडते.

आणि माझ्यानंतरचे. हा विषय घरात कोणी काढत नाही, म्हणून मीच काढतो. जीप त्याला मिळेल जो मिस्त्रींकडे सलग सहा रविवार येऊन बसेल, कार्बोरेटर उघडून पुन्हा लावेल आणि काय काय केले ते वहीत लिहील. नात असो, नातू असो, भाच्याची सून असो. वही मी सुरू केली आहे, दोनशे पानी, त्यात आतापर्यंतचे सगळे आहे: कुठला भाग कधी बदलला, कुठून आणला, जुना कुठल्या डब्यात आहे. कोणीच आले नाही तर मी ती एखाद्या आयटीआयला देईन, पण त्या वहीसकट आणि त्याच अटींवर.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गावी, वाड्याच्या मागे, गोठ्यात अशी जीप किंवा जोंगा उभी असेल तर एवढेच करा. आधी वर छप्पर घाला. मग टाकीतले जुने पेट्रोल काढा. मग चारही बाजूंनी फोटो काढा आणि ती कोणी, कधी, कशासाठी वापरली ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. रंगाचा डबा त्यानंतर उघडा. जमले तर उघडूच नका.

पुतण्या, तू हे वाचतो आहेस हे मला माहीत आहे. राग मानू नकोस. येत्या रविवारी ये. चिमटा, पाना आणि चहा तयार ठेवतो. जुने कपडे घालून ये.

असो. लांबले. चूकभूल द्यावी घ्यावी.